ध्वनी डिकोडर (मॉडेल रेल्वे)

मॉडेल इंजिनात बसवलेले, मोटर, दिवे आणि आवाज नियंत्रित करणारे इलेक्ट्रॉनिक मंडल. डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) पद्धतीत रुळांवर सतत विद्युत दाब असतो व त्यातूनच सांकेतिक आज्ञा जातात. डिकोडर फक्त आपल्या क्रमांकाची आज्ञा पाळतो. जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या या पद्धतीवर आधारित मानके अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने 1990 च्या दशकात ठरवली.

इंजिनात तयार सॉकेट नसल्यास तारांना डाख द्यावा लागतो. लाल व काळी तार रुळांकडून येते, नारिंगी व करडी मोटरला जाते, पांढरी पुढच्या आणि पिवळी मागच्या दिव्याला. निळी सामाईक धन तार. खरी कसोटी मोटरची आहे. तिचा एकही ब्रश सांगाड्याला टेकलेला चालत नाही, कारण मग रुळांवरचा प्रवाह थेट डिकोडरच्या मोटर-जोडणीत शिरतो आणि डिकोडर जळतो. म्हणून जोडणीपूर्वी मल्टिमीटरने तपासणी करतात. एलईडीला साधारण 1 किलोओहमचा रोधक लागतो.

आवाजाचा कस मात्र स्पीकरच्या डबीत आहे. पडद्याच्या पुढची व मागची ध्वनिलहर मिसळली की खर्ज नाहीसा होतो; डबी हवाबंद असली की 11×15 मिमीचा स्पीकरही भरदार वाजतो. डबीची बारीकशी फटदेखील गोंदाने बुजवावी. स्पीकरचा रोध डिकोडरला चालणारा, बहुधा 4 किंवा 8 ओहम, असावा.

ध्वनिफीत मूळ इंजिनाशी जुळावी. उदाहरणार्थ, भारतीय डब्ल्यूडीएम-2 या डिझेल लोकोमोटिव्हमध्ये 16 सिलिंडरचे अल्को 251 इंजिन आहे. त्यामुळे त्याच इंजिनाच्या अमेरिकन सी-630 ची फीत चालते, भोंगा तेवढा बदलावा लागतो.

नॅरोगेज मॉडेलात अडचण जागेची असते. उदाहरणार्थ, महाराष्ट्रातील अर्जुनी मोरगावावरून जाणारा गोंदिया–चांदा फोर्ट मार्ग पूर्वी बंगाल-नागपूर रेल्वेचा 762 मिमी नॅरोगेज होता. 1:87 प्रमाणात हे अंतर 8.8 मिमी भरते, म्हणून असे मॉडेल 9 मिमीच्या रुळांवर चालवतात. एवढ्या लहान इंजिनात स्पीकरला जागा अपुरी पडते. तेव्हा तो टेंडरमध्ये (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाडीत) किंवा लगतच्या डब्यात ठेवून बारीक, लवचीक तारांनी जोडतात. दोन सिलिंडरच्या वाफेच्या इंजिनाला चाकाच्या एका फेऱ्यात चार फुसकारे हवेत. ते डिकोडरमधल्या सीव्ही (कॉन्फिगरेशन व्हेरिएबल) मूल्यांनी जुळवतात.

पहिली चाचणी मर्यादित प्रवाहाच्या प्रोग्रॅमिंग रुळावर घेतात, म्हणजे जोडणी चुकली तरी डिकोडर वाचतो. कारखान्यातून बहुधा 3 हा क्रमांक येतो. तो बदलून आवाजाची पातळी ठरवली की वरचे कवच बसवतात.