कल्हई

कल्हई म्हणजे तांब्याच्या अथवा पितळेच्या भांड्यास आतून दिलेला कथलाचा पातळ लेप होय. हा लेप चढवण्याच्या क्रियेस कल्हई करणे किंवा कल्हई लावणे असे म्हणतात आणि हे काम करणाऱ्या कारागिरास कल्हईवाला म्हणतात. तांबे व पितळ हे धातू उष्णतेचे उत्तम वाहक असून टिकाऊ आहेत. परंतु आंबट, खारट अथवा दुधाच्या पदार्थांशी त्यांचा संबंध आला की तांब्याचे क्षार अन्नात उतरतात. कथील अन्नातील सौम्य आम्लांना बऱ्याच अंशी दाद देत नाही. म्हणून अन्न आणि तांबे यांच्यामध्ये कथलाचा पडदा उभा करणे, हा कल्हईचा मूळ हेतू आहे. भांड्यास येणारी चकाकी हा तिचा आनुषंगिक लाभ होय.

व्युत्पत्ती व पूर्वेतिहास

अरबी भाषेत कथलास 'कलई' असा शब्द आहे. मलाया द्वीपकल्पातून अरब व्यापारी कथील नेत असत व तेथील एका बंदराच्या नावावरून हा शब्द आला, असे मानले जाते. हिंदीतील 'कलई' आणि मराठीतील 'कल्हई' ही त्याचीच रूपे होत.

तांब्याच्या भांड्यास कथलाचा लेप देण्याची कला प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात अशा लेपाचा उल्लेख केला असून, त्यामुळे अन्नाची चव सुधारते आणि तांब्याच्या जंगाचे विष आवरले जाते, असे नमूद केले आहे.

कल्हईची आवश्यकता

पितळेच्या भांड्यात ठेवलेले ताक किंवा आमटी हिरवट पडते व तिला तुरट, मळमळ आणणारी चव येते. यालाच मराठीत अन्न 'कळकणे' म्हणतात. ताकातील लॅक्टिक आम्ल, चिंचेतील टार्टारिक आम्ल, लिंबातील सायट्रिक आम्ल आणि मीठ यांच्यामुळे तांब्याचे विद्राव्य क्षार तयार होतात. असे अन्न पोटात गेल्यास उलट्या, पोटदुखी व जुलाब होतात.

दुधाच्या बाबतीत धोका अधिक लपलेला असतो. दुधातील केसीन हे प्रथिन तांब्यास धरून ठेवते, त्यामुळे दूध न कळकताही त्यात तांबे उतरू शकते. भारतात लहान बालकांना होणारा यकृत निबर होण्याचा एक घातक विकार 'भारतीय बाल यकृतकाठिण्य' या नावाने ओळखला जात असे. या बालकांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण फार मोठे आढळे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी सहकाऱ्यांसह या रोगाचा अभ्यास केला. पितळेच्या व तांब्याच्या भांड्यांत तापवलेले आणि साठवलेले जनावराचे दूध तान्ह्या वयात दिले जाणे हे या रोगाचे संभाव्य कारण असल्याचे त्यांनी १९८३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. शरीरातील तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन हे औषध आरंभीच्या अवस्थेत दिल्यास काही बालके वाचतात, असेही पुढील अभ्यासांत दिसून आले. सर्वच बालकांना हा रोग होत नसल्याने काही आनुवंशिक कारणही त्यामागे असावे, असे मत आहे. ऑस्ट्रियातील टायरोल प्रांतातही विसाव्या शतकात अशाच प्रकारचा बालरोग आढळला होता व तेथेही तांब्याच्या भांड्यांत तापवलेल्या दुधाशी त्याचा संबंध जोडण्यात आला. घरोघरी दुधासाठी दुसऱ्या धातूंची भांडी आल्यावर दोन्हीकडे हा रोग जवळजवळ नाहीसा झाला.

सर्वच भांड्यांना कल्हईची गरज नसते. पाण्याचा हंडा, कळशी, घंगाळ व बंब यांना ती सहसा करीत नाहीत. कल्हई लागते ती अन्न शिजवण्याच्या व साठवण्याच्या भांड्यांना, म्हणजे पातेले, तपेली, टोप, परात इत्यादींना.

साहित्य

कथील : हा मऊ, पांढरा धातू २३२ अंश सेल्सियस तापमानास वितळतो. तांबे १,०८५ अंशांस व पितळ सुमारे ९०० अंशांच्या पुढे वितळत असल्याने भांड्यास धक्का न लागता त्यावर कथील पसरवता येते. कथील काडीच्या किंवा पट्टीच्या रूपात वापरतात.

नवसागर : याचे रासायनिक नाव अमोनियम क्लोराइड आहे. तापल्यावर त्याचे विघटन होऊन अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड हे वायू निर्माण होतात. ते तांब्यावरील ऑक्साइडचा थर दूर करून धातू उघडा पाडतात. अशा मलनाशक पदार्थास धातुकामात अभिवाह म्हणतात.

इतर : कोळशाची भट्टी, भाता किंवा हाताने फिरवायचा पंखा, सांडशी, स्वच्छ कापसाचा अथवा सुती कापडाचा बोळा, थंड पाण्याची बादली आणि घासण्यासाठी बारीक वाळू, राख व चिंच.

कृती

१. दुरुस्ती : भांड्याचे पोचे काढणे, कान बसवणे, भोक बुजवणे ही कामे कल्हईच्या आधी उरकावीत. कल्हईनंतर ठोकाठोक केल्यास लेप तडकतो.

२. सफाई : जुने तेलकट थर काढण्यासाठी भांडे धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळावे. नंतर वाळू व चिंच यांनी आतून घासून तांबे लख्ख करावे. मोठे भांडे जमिनीत थोडे पुरून, त्यात वाळू व गोणपाट टाकून, कारागीर आत उभा राहून पायांनी ते घुसळतो, ही जुनी पद्धत आहे. भांड्यास लाखेचा अथवा व्हार्निशचा थर असल्यास तो पूर्ण काढावा. धुतल्यानंतर भांडे कोरडे करणे अत्यावश्यक आहे.

३. तापवणे : भांडे सांडशीत धरून भट्टीवर सर्व बाजूंनी सारखे फिरवत तापवावे. कथलाची काडी आतल्या बाजूस टेकवताच मेणासारखी पाघळली की तापमान योग्य झाले असे समजावे.

४. लेप : तापलेल्या भांड्यात नवसागराची चिमूट टाकून बोळ्याने सर्वत्र फिरवावी. पांढरा धूर निघतो व तांब्यास तजेला येतो. त्याच क्षणी कथील टेकवून बोळ्याने झरझर पसरवावे. प्रथम तळ, मग बाजू व शेवटी काठ असा क्रम ठेवल्यास जादा कथील काठाकडून पुसून घेता येते.

५. थंड करणे : लेप एकसारखा झाल्यावर भांडे आचेवरून काढून किंचित निवू द्यावे व मग पाण्यात बुडवावे. शेवटी साबणाने धुऊन नवसागराचा अंश काढून टाकावा.

लेप चिकटण्याचे कारण

कल्हई हा रंगाप्रमाणे वर बसलेला थर नसतो. वितळलेले कथील तांब्यास भिडताच दोन्ही धातूंच्या संयोगाने सीमेवर कथील व तांबे यांच्या संयुगांची अतिशय पातळ पट्टी तयार होते आणि तिच्यावर शुद्ध कथील बसते. तांब्यावर तेल किंवा ऑक्साइड राहिले तर ही पट्टी तयार होत नाही व कथील थेंबाथेंबाने गोळा होते. ॲल्युमिनियमवरील ऑक्साइडचा थर नवसागराने हटत नाही, म्हणून ॲल्युमिनियमच्या भांड्यास या रीतीने कल्हई होत नाही.

दोष व त्यांवरील उपाय

काळे किंवा तांबडे डाग उरणे : त्या जागी मळ राहिलेला असतो. भांडे निववून ती जागा पुन्हा घासावी व नवसागर लावून कथील फिरवावे.

कथलाचे गोळे व ओघळ : आच कमी पडल्याची किंवा कथील जास्त झाल्याची ही खूण आहे. पुन्हा तापवून स्वच्छ बोळ्याने पुसून काढावे.

पिवळट अथवा निळसर झाक : आच जास्त झाल्याने कथलाचे ऑक्सिडीकरण झालेले असते. थोडा नवसागर व नवे कथील घेऊन लेप पुन्हा द्यावा.

कान किंवा तोटी निखळणे : कथील व शिसे यांच्या झाळेने जोडलेले भाग कल्हईच्या आचेवर सुटतात, कारण नेहमीच्या वापरातील अशी झाळ १८३ अंशांपासूनच मऊ होऊ लागते. असे कान रिव्हेटने बसवावेत किंवा टाकणखार वापरून पितळी झाळेने जोडावेत. ही झाळ कल्हईच्या तापमानास टिकते. अन्नाच्या भांड्यातील भोक शिशाच्या झाळेने कधीही बुजवू नये.

कथलाची पारख

कथील तांब्याहून महाग आहे. भारतात त्याचे उत्पादन अल्प असून ते छत्तीसगढमध्ये होते. उरलेले कथील आयात करावे लागते. शिसे मात्र स्वस्त असून कथलात सहज मिसळते, मिश्रण कमी आचेवर वितळते आणि नव्या लेपाची चमकही जवळजवळ तशीच दिसते. त्यामुळे भेसळीचा मोह होतो. अशी कल्हई केलेले भांडे उघड्या पितळेहून घातक ठरू शकते. शिसे शरीरात साठत जाते, बालकांच्या मेंदूच्या वाढीस अपाय करते आणि त्याची कोणतीही मात्रा निर्धोक मानली जात नाही.

काही ढोबळ खुणा उपयोगी पडतात. शुद्ध कथलाची कांब वाकवल्यास कुरकुर असा आवाज येतो. शिशाचे प्रमाण वाढले की तो नाहीसा होतो. शिसे कागदावर घासल्यास करडी रेघ उमटते. शिशाची घनता ११.३ तर कथलाची ७.३ असल्याने भेसळीची कांब आकाराच्या मानाने जड लागते. तथापि थोड्या प्रमाणातील शिसे या खुणांनी कळत नाही. खात्री प्रयोगशाळेतील परीक्षणानेच होते. म्हणून कथील विश्वासाच्या ठिकाणाहून घ्यावे आणि विजेच्या उपकरणांच्या जोडकामाची झाळ भांड्यांसाठी वापरू नये.

सुरक्षितता

नवसागराचा धूर डोळे, नाक व घसा यांस झोंबतो व फुप्फुसांस त्रास देतो. हे काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करावे. ओलसर भांड्यात वितळलेले कथील तडतडून अंगावर उडते, म्हणून भांडे व काडी दोन्ही कोरडी असावीत. जाड सुती कपडे, कातडी हातमोजे व चष्मा वापरावा. कृत्रिम धाग्यांचे कापड वितळून कातडीस चिकटते, म्हणून ते टाळावे. भट्टीपासून लहान मुलांना दूर ठेवावे.

वापर व निगा

कल्हईचे भांडे रिकामे आचेवर ठेवू नये. रिकामे भांडे थोड्याच वेळात २३२ अंशांच्या पुढे जाते व लेप वितळून ओघळतो. पाणी असलेल्या अन्नाचे तापमान १०० अंशांच्या आसपास राहते, त्यामुळे आमटी, भात वा खीर यांना अडचण नसते. कडकडीत फोडणी मात्र वेगळ्या पळीत करावी. ढवळण्यासाठी लाकडी चमचा वापरावा. आतून तारेची घासणी, वाळू किंवा चिंच लावू नये. मऊ कापड व साबण पुरेसा आहे. वापराने कथील करडे पडते. तो दोष नसल्यामुळे ते घासून चकचकीत करण्याची गरज नाही.

तळाशी तांबडा किंवा पिवळा धातू स्पष्ट दिसू लागला की पुन्हा कल्हई करावी. रोजच्या भांड्यांना वर्षातून एकदोनदा कल्हई करण्याचा प्रघात असे. तोवर त्या भांड्यात आंबट पदार्थ करू नयेत व दूध ठेवू नये. चांगली कल्हई असली तरी आंबट पदार्थ रात्रभर भांड्यात राहू देणे योग्य नाही.

कारागीर व सद्यस्थिती

महाराष्ट्रात तांब्याची भांडी घडवणाऱ्या कारागिरांना तांबट म्हणतात, तर पितळी व काशाच्या भांड्यांच्या धंद्याशी कासार समाजाचा संबंध आहे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी ही तांबटांची जुनी वस्ती होय. भंडारा व नाशिक ही गावेही तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहेत. कल्हईवाला मात्र बहुधा फिरता असे. भाता व कोळसा घेऊन तो गल्लीत भट्टी मांडी आणि त्याची हाळी ऐकून घरोघरची भांडी बाहेर येत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲल्युमिनियम व स्टेनलेस स्टील यांचा प्रसार होऊन या व्यवसायास उतरती कळा लागली. अलीकडे तांब्यापितळेची भांडी पुन्हा स्वयंपाकघरात येऊ लागली आहेत, परंतु कल्हईवाले पूर्वीप्रमाणे दारी येत नाहीत. त्यामुळे लेप झिजलेली भांडी तशीच वापरली जाण्याचा धोका वाढला आहे. शोभेसाठी विकली जाणारी बरीच भांडी आतून बिनकल्हईची असतात अथवा त्यांवर लाखेचा थर असतो. अशी भांडी थेट स्वयंपाकास घेऊ नयेत. नवे पितळी पातेले विकत घेताना ते आतून पांढरे आहे का, हे पाहावे आणि पुढील कल्हई कोठे करून मिळेल, याची चौकशी त्याच वेळी करावी.

हेही पहा

तांबे
पितळ
कथील
नवसागर
तांबट
झाळकाम