रानडुकरांची रात्रशिकार, नांदेड-लातूर परिसरातील

उभ्या पिकांच्या रक्षणासाठी व मांसासाठी रानडुकराची रात्रीच्या वेळी करण्यात येणारी शिकार. मराठवाड्यातील गोदावरी, मांजरा, तेरणा, मन्याड व पैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत ती पूर्वापार प्रचलित होती. शिकारीच्या इतिहासात राजेरजवाड्यांच्या मृगयेला व इंग्रज अधिकाऱ्यांच्या क्रीडेला जेवढे स्थान मिळाले, तेवढे या शिकारीला मिळाले नाही. कारण ती करमणूक नव्हती, शेतीच्या कामाचाच तो एक भाग होता.

रानडुकराचे शास्त्रीय नाव सुस स्क्रोफा असे आहे. पूर्ण वाढलेल्या नराची खांद्याजवळील उंची सु. ९० सेंमी. व वजन २०० किग्रॅ.हून अधिक असू शकते. त्याची दृष्टी बेताची, पण घ्राणेंद्रिय अत्यंत तीक्ष्ण असते. मनुष्यवस्तीजवळ तो दिवसा झुडपांत किंवा उभ्या पिकात पडून राहतो व अंधार पडल्यावर चरावयास निघतो. मादीला एका वेळी साधारणतः ४ ते ६ पिले होतात. कळप जेवढे खातो त्यापेक्षा जास्त तुडवितो. भुईमूग व रताळी मुळापासून उकरतो, हुरड्यात आलेली ज्वारी आडवी करतो. एका रात्रीत शेतकऱ्याचे हंगामाचे कष्ट वाया जाऊ शकतात.

या प्रदेशातील मृगयेची परंपरा जुनी आहे. लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून जवळच असलेल्या कल्याणी (सध्याचे बसवकल्याण) येथील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (सु. ११२९) या संस्कृत ग्रंथात मृगया हा राजाचा एक विनोद म्हणून वर्णिलेला आहे. इंग्रजी अमदानीत लष्करी छावण्यांतून घोड्यावर बसून भाल्याने डुकराचा वेध घेण्याचा खेळ लोकप्रिय झाला. बेडन-पॉवेल याने त्यावर १८८९ मध्ये स्वतंत्र ग्रंथच लिहिला. जेथे घोडा पळविता येतो तेथे डुकरावर गोळी झाडणे या मंडळींना कमीपणाचे वाटे. अर्थात हा सारा खेळ दिवसाउजेडी व मोकळ्या रानात चालणारा होता. ज्याचे पीक रात्री नष्ट होई, त्या कुणब्याला त्याचा उपयोग फारसा नव्हता.

कुणब्याची पहिली भिस्त जागलीवर असे. शेतात लाकडाचा माळा उभारून त्यावर राखणदार रात्रभर बसे. शेकोटी, टेंभा, डबे वाजविणे व आरोळ्या ही त्याची साधने होत. एवढ्याने भागले नाही, की शिकार करावी लागे. तिचे दोन प्रकार होते. पहिल्यात वाऱ्याची दिशा पाहून माळ्यावर किंवा बांधाच्या आडोशाला दबा धरीत व डुक्कर टप्प्यात आल्यावर ठासणीच्या बंदुकीने बार काढीत. त्यासाठी चांदणी रात्र सोयीची. पुढे विजेरीच्या प्रकाशझोताचा वापर होऊ लागला. दुसऱ्या प्रकारात डुकरांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर वाघूर म्हणजे मजबूत दोराचे जाळे लावीत, कुत्री सोडून व हाका घालून कळपाला तिकडे वळवीत आणि अडकलेल्या जनावराला भाल्याने मारीत. जखमी नर सरळ मुसंडी मारतो व त्याचे सुळे मांडी फाडून काढतात, म्हणून हे काम धाडसाचे व संघाने करण्याचे होते. लातूर परिसरात प्रसिद्ध असलेले कारवानी कुत्रे या कामी विशेष उपयोगी नसे. ते नजरेने पाठलाग करणारे, सशामागे धावणारे कुत्रे आहे. अंधारात वासावर जाणारी व डुकराला घेरून भुंकत राहणारी गावठी कुत्रीच खरी कामाची.

या शिकारीत वडार, कैकाडी व बंजारा या जमातींचे लोक आणि किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात आंध, गोंड व कोलाम निष्णात होते. शेतकऱ्याला पीक मिळे व शिकाऱ्याला मांस; मजुरीचा वेगळा प्रश्न येत नसे. येथे एक विसंगती नोंदविण्यासारखी आहे. गुन्हेगार जमातींविषयीचे कायदे १९५२ मध्ये रद्द होईपर्यंत यांपैकी काही जमातींच्या रात्रीच्या फिरण्याकडे सरकार संशयाने पाही. गाव मात्र पीक राखण्यासाठी त्यांनाच रात्री बोलावी.

वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे ही व्यवस्था मोडली. मूळ अधिनियमाच्या सतराव्या कलमाने सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात शिकार करण्यास, तसेच कृत्रिम प्रकाश, जाळी व फासे यांच्या वापरास मनाई केली. त्याला अपवाद होते, पण पीक राखण्यासाठी रात्री डुक्कर मारणे त्यांत बसत नव्हते. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने देण्याची पद्धतच संपली. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकत होता. तथापि बंदूक बाळगता येणे व डुक्कर मारता येणे या दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या.

याच काळात शेतीही बदलली. विष्णुपुरी प्रकल्प व मांजरा खोऱ्यातील बंधारे यांमुळे ऊस वाढला, अर्धापूरकडे केळी वाढली. लातूर जिल्ह्यात वन नाममात्र आहे. परंतु वर्षभर उभा राहणारा ऊस आणि ओढ्याकाठची वेडी बाभूळ यांनी डुकराला वनाची उणीव भासू दिली नाही. लांडग्यासारखे नैसर्गिक शत्रू कमी झाल्याने त्याला मोकळीकही मिळाली.

पिकाला धोकादायक ठरलेले जनावर मारण्याची परवानगी देण्याची तरतूद अधिनियमाच्या अकराव्या कलमात आहे. जुलै २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने रानडुक्कर व रोही (नीलगाय) यांच्याबाबत हे अधिकार वनक्षेत्रपालांपर्यंत आणले. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुकराचा समावेश तिसऱ्याऐवजी दुसऱ्या अनुसूचीत झाला. परवानगीने मारलेले जनावरही शासनाची मालमत्ता ठरते. त्याचे मांस शिकाऱ्याला नेता येत नाही. साहजिकच जाणत्या शिकाऱ्याला रात्र जागविण्याचे कारण उरले नाही. त्याची जागा अनेक ठिकाणी कुंपणाच्या तारेत सोडलेला वीजप्रवाह व आमिषात लपविलेले गावठी बाँब यांनी घेतली आहे. दोन्ही बेकायदेशीर आहेत, आणि दोहोंत डुकरांबरोबर गुरे, कुत्री व प्रसंगी माणसेही मरतात.