वकिली (सिंधुदुर्ग जिल्हा)
बारावीनंतर पाच किंवा पदवीनंतर तीन वर्षे कायद्याचे शिक्षण, मग महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा, हा प्रवेशमार्ग अधिवक्ता अधिनियम, 1961 खाली ठरतो. खरे शिक्षण मात्र ज्येष्ठाच्या हाताखाली होते: तारखा सांभाळणे, नकला काढणे, वकीलपत्र दाखल करणे. मालवण किनाऱ्यावर पहिली वर्षे बहुधा जमिनीतच जातात. सामाईक सातबारा, मुंबईला गेलेले हिस्सेदार, कुळकायदा, आणि आंबोली, चौकुळ, गेळे येथील कबुलायतदार गावकर (गावकीच्या सामाईक) जमिनी समजल्याशिवाय या जिल्ह्यातला वकील पुरा होत नाही.

तालुका न्यायालयातून पुढची पायरी ओरोसचे जिल्हा न्यायालय. उच्च न्यायालयासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाल्याने घाट चढला की काम भागते. सात वर्षांच्या वकिलीनंतर जिल्हा न्यायाधीशपदासाठी थेट अर्ज करता येतो. ‘ज्येष्ठ अधिवक्ता’ हा दर्जा वयाने मिळत नाही, तो उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय देते. असा वकील पक्षकाराचे वकीलपत्र स्वतः दाखल करू शकत नाही.

याच जिल्ह्यातील वेंगुर्ल्यात 1922 मध्ये जन्मलेले नाथ पै इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन आले, पण गाजले ते लोकसभेत. कोकणाने ‘बॅरिस्टर’ ही उपाधी मात्र त्यांच्या नावापासून कधी सुटू दिली नाही.