कमावलेली हृदयझडप

गुरांच्या हृदयावरणापासून माणसासाठी हृदयाच्या झडपा बनवतात, हे पुष्कळांना ठाऊक असते. ते आवरण त्याआधी कातड्यासारखे कमावले जाते, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. माझ्या मते या झडपेचे मूळ टॅनरीतच शोधले पाहिजे.

हृदयावरणाला बाहेरून चिवट तंतुमय थर असतो. तो खाली श्वासपटलाला आणि वर मोठ्या रक्तवाहिन्यांना जखडलेला. आत नाजूक दुपदरी अस्तर, आणि पदरांमध्ये थोडासा वंगणद्रव. झडपेच्या कामाचा तो बाहेरचा थर. त्यात कोलॅजेनचे नागमोडी तंतू निरनिराळ्या दिशांनी गुंफलेले असतात. म्हणून इतका पातळ असूनही तो ताण सोसतो.

पण जनावराचा पडदा माणसाच्या अंगात टिकावा कसा? १९६५ साली पॅरिसमध्ये बिने आणि कार्पांतिए यांनी प्राण्याची झडप माणसाला बसवली. सुरुवातीच्या तसल्या झडपा लवकर निकामी होत. मग कार्पांतिए रसायनशास्त्राकडे वळले आणि ग्लुटराल्डिहाइडपाशी पोचले.

हे द्रव्य आले कुठून? १९६३ साली सबाटिनी, बेन्श आणि बार्नेट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी ऊती टिकवायला ते वापरले होते, तेव्हा श्रेय प्रयोगशाळेचे, असा प्रतिपक्ष आहे. मला तो पटत नाही. सूक्ष्मदर्शकाखालची ऊती ताठ झाली तरी बिघडत नाही. झडपेला दिवसाला सुमारे एक लाख वेळा वाकायचे असते. कुजू नये, तरी लवचिक राहावे, ही मागणी कातडे कमावणाऱ्याची. हिरडा-बाभळीतले टॅनिन कोलॅजेनचे तंतू एकमेकांना बांधते. ग्लुटराल्डिहाइडही आपल्या दोन टोकांनी तेच करते, अधिक पक्केपणाने. कातडे कमावण्याच्या धंद्यातही ते वापरात होतेच. बाटली प्रयोगशाळेतली असेल, कल्पना टॅनरीचीच.

पुढचा प्रवास सरळ आहे. १९७१ साली लीड्समध्ये आयोनेस्कू यांनी गुरांच्या हृदयावरणाची झडप माणसाला बसवली. त्या घडणीतल्या झडपा पुढे टाक्यांपाशी फाटू लागल्या, तेव्हा घडण बदलली, पडदा तोच राहिला. २००२ साली रूआंमध्ये क्रिबिए यांनी अशीच झडप घडी करून मांडीतल्या शिरेतून, छाती न उघडता हृदयात नेली.

मात्र कमावलेल्या पडद्यावर हळूहळू कॅल्शियम साचते, आणि ग्लुटराल्डिहाइड हे त्याचे एक कारण आहे. तरुण शरीरात ते लवकर साचते, म्हणून ही झडप प्रामुख्याने वयस्क रुग्णांनाच सुचवली जाते.