पांढऱ्या माऊचे डोळे निळे असले म्हणजे ती अल्बिनो असते का?

पांढऱ्याशुभ्र पिल्लाचा फोटो टाकला की 'अल्बिनो आहे का?' अशी एक तरी कमेंट येतेच. बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असंच असतं.

आधी पिल्लाचं वय बघा. कोणत्याही रंगाच्या पिल्लाचे डोळे उघडतात तेव्हा ते निळेच दिसतात. साधारण 6-7 आठवड्यांनंतर बुबुळात खरा रंग उतरू लागतो. त्यामुळे महिन्याभराच्या पिल्लाच्या डोळ्यांवरून काहीच ठरवू नका.

मांजर पूर्ण पांढरं असण्याचं नेहमीचं कारण म्हणजे 'डॉमिनंट व्हाइट' जनुक. यात रंग बनवणाऱ्या पेशी (मेलॅनोसाइट्स) त्वचेपर्यंत पोचतच नाहीत. अल्बिनिझममध्ये या पेशी जागेवर असतात, पण त्यांना रंगद्रव्य बनवता येत नाही. पूर्ण अल्बिनो मांजर फारच दुर्मीळ. त्याचे डोळे अगदी फिकट निळे, गुलाबी झाक असलेले दिसतात. फ्लॅशच्या फोटोत डोळे लाल चमकले, हा काही पुरावा नव्हे.

गंमत म्हणजे आपल्या ओळखीचं सयामी मांजर अंशतः अल्बिनो असतं! त्याचं रंग बनवणारं एन्झाइम शरीराच्या थंड भागांतच नीट काम करतं. आईच्या पोटातल्या उबेत वाढलेली पिल्लं म्हणून पांढरट जन्मतात आणि नंतर कान, तोंड, पंजे, शेपटी गडद होत जातात.

हा फरक नुसता नावापुरता नाही. मेलॅनोसाइट्स आतल्या कानालाही लागतात. तिथे त्या नसल्या तर जन्मानंतर काही दिवसांतच ऐकण्याची यंत्रणा निकामी होऊ लागते. निळ्या डोळ्यांच्या मांजरांच्या बहिरेपणाचा उल्लेख डार्विननेही 1859 च्या ग्रंथात केला आहे. दोन्ही डोळे निळे असलेल्या पांढऱ्या मांजरांपैकी 65 ते 85 टक्के बहिरी असतात, असं कॉर्नेल विद्यापीठाचं मांजरांविषयीचं आरोग्य केंद्र सांगतं. एकच डोळा निळा असेल तर हे प्रमाण 40 टक्के, आणि बहिरा कान बहुधा त्याच बाजूचा. डोळे निळे नसलेल्यांत ते 17 ते 22 टक्क्यांवर येतं.

म्हणजे हाक मारल्यावर न येणारं पिल्लू हट्टीच असेल असं नाही. त्याच्या नजरेआड, थोडं लांबून किल्ल्या वाजवून बघा. कान हलतात का? एकाच कानाचं बहिरेपण मात्र असं कळत नाही, त्यासाठी पशुवैद्यकाकडूनच तपासणी हवी.

बहिरं मांजर घरात मजेत राहतं, पण त्याला बाहेर मोकळं सोडू नका. मागून येणारी रिक्षा त्याला ऐकू येणार नाही. झोपेतून उठवायचं असेल तर अंगाला हात लावण्याआधी जवळच्या फरशीवर थाप मारा, हादऱ्याने ते जागं होतं.