सकारण माफी

निर्णय घेणे ही एक गोष्ट आणि त्याची कारणे कागदावर उतरवणे ही दुसरी, हे कचेरीत आयुष्य घालवणाऱ्या वाचकांस सांगावयास नको. पुष्कळदा निर्णय खपून जातो आणि कारणे मात्र अंगाशी येतात. अमेरिकेतील इलिनॉय राज्याचा गव्हर्नर जॉन पीटर आल्टगेल्ड याच्या बाबतीत नेमके हेच घडले. (तेथील गव्हर्नर म्हणजे आपल्याकडील राज्यपाल नव्हे; तो मतदारांनी थेट निवडलेला असतो आणि राज्याचा कारभार प्रत्यक्ष चालवतो.)

आल्टगेल्डचा जन्म १८४७ सालचा, जर्मनीतला. आईबापांनी त्याला तान्हेपणीच ओहायोत आणले. बाप शेतकरी, घरात विद्येचे कौतुक बेताचेच. सोळाव्या वर्षी पोरगा यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात शिरला आणि तेथे तापाने मरता मरता वाचला. पुढे मजुरी करीत, बरीचशी वाट पायीच तुडवीत तो मिसूरीत पोहोचला. तेथे मास्तरकी केली, वकिली साधली, आणि १८७५ मध्ये त्याने शिकागो गाठले. जमिनींच्या व्यवहारात पैसाही चांगला मिळवला. १८८४ साली त्याने दंडव्यवस्था आणि तिचे बळी या विषयावर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. ते ओहायोतील एका तरुण वकिलाच्या हाती पडले आणि त्याच्या विचारांस त्याने वळण दिले. तो वकील म्हणजे पुढे कीर्तीस चढलेला क्लॅरेन्स डॅरो. १८८६ मध्ये आल्टगेल्ड न्यायाधीश झाला आणि १८९२ च्या निवडणुकीत गव्हर्नर. परदेशात जन्मलेला असा तो इलिनॉयचा पहिलाच गव्हर्नर.

त्याच्यापुढे जे प्रकरण आले ते जुने होते. १ मे १८८६ पासून शिकागोत आठ तासांच्या दिवसासाठी संप चालू होता. (पुढे १ मे हा जगभर कामगार दिन ठरला, त्याचे मूळ याच चळवळीत आहे.) ४ मेच्या रात्री हेमार्केट येथे कामगारांची सभा संपत आली असता पोलिसांची तुकडी चालून आली आणि कोणीतरी बॉम्ब फेकला. बॉम्ब आणि त्यामागून झालेला गोळीबार यांत सात पोलीस प्राणास मुकले, कामगारही मेले. फेकणारा कोण हे आजतागायत ठरलेले नाही. तरीही आठ अराज्यवाद्यांवर खुनाचा खटला झाला. सातांना फाशी आणि ऑस्कर नीबे यास १५ वर्षांची सजा फर्मावण्यात आली. एकाने कोठडीतच आत्महत्या केली, चौघे ११ नोव्हेंबर १८८७ रोजी फासावर गेले, आणि फील्डन व श्वाब यांची फाशी तत्कालीन गव्हर्नरने जन्मठेपेवर आणली. हे दोघे आणि नीबे असे तिघे जोलिएटच्या तुरुंगात उरले.

आल्टगेल्ड अधिकारावर येताच या तिघांसाठी अर्ज आले. त्यांवर शहरातील व्यापारी, बँकवाले, वकील यांच्याही सह्या होत्या. त्यांतील बहुतेकांचे म्हणणे एवढेच, की हे लोक दोषी असले तरी पुरेशी शिक्षा भोगून चुकले आहेत. आता दया करावी. वाट सोपी होती. दयेचा चार ओळींचा शेरा मारून बंद्यांना सोडले असते, तर थोडी कुरकुर झाली असती आणि गव्हर्नरचे औदार्य वाखाणले गेले असते.

आल्टगेल्डने खटल्याचे कागद मागवले आणि स्वतः वाचले. २६ जून १८९३ रोजी माफीबरोबर जे निवेदन बाहेर पडले ते छोट्या पुस्तकाएवढे होते. त्यात दयेची सबबच त्याने नाकारली. हे लोक दोषी असतील आणि खटला न्यायाने चालला असेल, तर कोणतीही शिक्षा त्यांना अधिक नाही, आणि गव्हर्नरने मध्ये पडण्याचेही कारण नाही. परंतु खटलाच न्यायाने चालला नसेल, तर प्रश्न दयेचा उरत नाही. मग त्याने एकेक कागद उलगडला. ज्यूरीसाठी नेहमीप्रमाणे चिठ्ठ्या न काढता एका खास बेलिफाला माणसे निवडून आणण्यास धाडले होते. मृत पोलिसांपैकी एकाचा आपण नातलग आहोत असे सांगणाऱ्यासही न्यायाधीशाने अपात्र ठरवले नाही. नीबेविरुद्ध पुरावा पुरत नाही असे खुद्द सरकारी वकीलच बोलून गेला होता. मात्र त्याला मध्येच सोडल्यास इतरांविषयी ज्यूरीचे मत बिघडेल, म्हणून त्याला तसेच ठेवले. ही गोष्ट त्या वेळच्या महापौराने लिहून दिली होती.

न्यायाधीश गॅरी याच्यावर आल्टगेल्डने ज्या कडवटपणे लिहिले, तो सूर मात्र माफीस अनुकूल असलेल्यांनाही रुचला नाही. आणि खरे सांगायचे तर, १८८७ मध्ये चौघे फासावर जात असताना हाच गृहस्थ गप्प होता. कदाचित त्या मौनाचे व्याजही निवेदनाच्या भाषेत चढले असेल.

माफीचे कागद जोलिएटला घेऊन जाण्याचे काम त्याने ड्रायर नावाच्या बँकवाल्याकडे दिले. या आठांवर आरोप ठेवणाऱ्या ग्रँड ज्यूरीचा हा प्रमुख. पुढे त्यानेच माफीसाठी खटपट केली होती.

वृत्तपत्रे तुटून पडली. आल्टगेल्ड स्वतःच अराज्यवादी ठरला, परकीय ठरला. त्याने कारखाना-निरीक्षणाचे खाते फ्लॉरेन्स केली या कर्तबगार बाईंकडे सोपवले होते, राज्याच्या विद्यापीठास उदार अनुदाने दिली होती. या साऱ्याचा कोणास आठव राहिला नाही. १८९४ च्या पुलमन संपात राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड याने राज्याने न मागता शिकागोत सैन्य पाठवले, तेव्हा आल्टगेल्डने घटनेचा आधार देऊन तारेने निषेध केला. राज्य आणि केंद्र यांच्या अधिकारांची ती चर्चा आजही वाचण्याजोगी आहे. पण तेव्हा तिने त्याच्या शत्रूंच्या हाती आणखी एक काठी दिली. १८९६ मध्ये तो पराभूत झाला. जानेवारी १८९७ च्या सत्तांतराच्या समारंभात जाणाऱ्या गव्हर्नरने दोन शब्द बोलण्याचा रिवाज होता. तो मान त्याला नाकारण्यात आला. शिकागोतील आपली सोळा मजली युनिटी इमारतही त्याने गमावली. अखेरीस डॅरोने त्याला आपल्या वकिली कचेरीत भागीदार म्हणून घेतले.

११ मार्च १९०२ रोजी तो दक्षिण आफ्रिकेतील बोअरांच्या बाजूने एका सभेत बोलला आणि भाषण संपताच कोसळला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याचा अंत झाला. ती सभा जोलिएट येथे होती.