अडीच विसा पन्नास

केळशीच्या एखाद्या घरात कोणी पन्नाशी गाठली, की पाटाभोवती रांगोळी, निरांजनाने औक्षण आणि वडीलधाऱ्यांचा ‘औक्षवंत हो’ हा आशीर्वाद ठरलेला असतो. डेन्मार्कमध्ये याच प्रसंगी टेबलावर लहान लहान राष्ट्रध्वज लावतात, केक कापतात आणि सगळे मिळून गातात. परकी भाषा शिकायला अशा शुभेच्छा फार सोयीच्या. शब्द थोडे, प्रसंग ओळखीचा आणि तेच ते पुन:पुन्हा म्हटले तरी कंटाळा येत नाही. डॅनिश भाषेत शिरताना तर या शुभेच्छा आपल्याला थेट मोजणीच्या इतिहासात नेऊन सोडतात.

‘तिल्यूके मेद फ्योद्सेल्सडागेन’ ही त्यांची नेहमीची शुभेच्छा. (देवनागरीतले हे लेखन ढोबळ आहे, प्रत्यक्ष उच्चार याहून मऊ असतो.) ‘ल्यूके’ म्हणजे सुख, सुदैव. ‘फ्योद्सेल’ म्हणजे जन्म, ‘डाग’ म्हणजे दिवस, मधला ‘स’ हा आपला ‘चा’ आणि शेवटचा ‘एन’ हे ‘तो ठरावीक दिवस’ असे दाखवणारे उपपद. मुलांच्या वाढदिवसाच्या एका प्रसिद्ध गाण्यात ज्याचा वाढदिवस असेल त्याचे नाव घालून त्याला हाच ‘स’ जोडतात. नाव मुलाचे असो वा मुलीचे, ‘स’ बदलत नाही. आपल्याकडे मात्र पुढच्या शब्दाप्रमाणे चा, ची, चे करावे लागते. व्याकरणाचा हा नियम गाता गाता कळतो.

वय सांगायची वेळ आली, की नवशिका अडखळतो. पन्नासला डॅनिश शब्द आहे ‘हाल्त्रेस’. त्यात ना पाच दिसतात, ना दहा! हे संक्षिप्त रूप आहे. पन्नासावा वाढदिवस असे क्रमवाचक म्हणताना पूर्ण रूप बाहेर येते. त्याची फोड अशी: अर्धा-तिसरा, गुणिले, वीस. अर्धा-तिसरा म्हणजे पहिला पूर्ण, दुसरा पूर्ण आणि तिसरा अर्धा, म्हणजेच अडीच. अडीच विसा पन्नास. साठ म्हणजे तीन विसा, सत्तर म्हणजे ‘अर्धा-चौथा’ विसा, ऐंशी म्हणजे चार विसा आणि नव्वद म्हणजे ‘अर्धा-पाचवा’ विसा.

हे विचित्र वाटते का? मग आपला ‘अडीच’ शब्द उघडून पाहू. तो संस्कृत ‘अर्धतृतीय’ या शब्दापासून प्राकृतातून घासत आला आहे. म्हणजे तोही अर्धा-तिसराच! साडेतीनला जुन्या मराठीत ‘औट’ म्हणत. त्याचे मूळ ‘अर्धचतुर्थ’. ‘दीड’मध्येही दुसरा अर्धा दडलेला आहे आणि दीडला डॅनिशमध्ये आजही ‘अर्धा-दुसरा’ अशाच अर्थाचा शब्द वापरतात. विसाविसांनी मोजणेही आपल्याला परके नाही. वीस नगांची कोडी आपल्याकडे आहे, डेन्मार्कमध्ये अंडी मोजायला वीस नगांचा ‘स्नेस’ होता.

यावरून दोन्ही भाषांचे नाते सिद्ध होते काय? येथे जपून पाऊल टाकायला हवे. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ रास्मुस रास्क (१७८७–१८३२) यांनी १८१८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात डॅनिशची पूर्वज असलेल्या प्राचीन नॉर्स भाषेचे ग्रीक व लॅटिनशी नाते दाखवले. त्यांचे म्हणणे असे, की शब्द व्यापारातून, सहवासातून उसने येऊ शकतात. म्हणून सुट्या शब्दांच्या साम्यावर विसंबू नये, व्याकरण आणि ध्वनींचे नियमित बदल पाहावेत. हेच रास्क १८२० साली इराणमार्गे मुंबईत आले. पारशी समाजाकडची अवेस्ता व पहलवी भाषांतली जुनी हस्तलिखिते त्यांनी मिळवली आणि ती कोपनहेगनला नेली. अवेस्ताची भाषा म्हणजे बिघडलेली संस्कृत नव्हे, ती स्वतंत्र भाषा आहे, हे त्यांनी पुढे मांडले.

ही कसोटी आपण लावून पाहू. ‘डाग’ आणि ‘दिवस’ दोन्ही ‘द’सारख्या ध्वनीने सुरू होतात, पण त्यांची मुळे वेगळी मानतात. उलट ‘पंच’ आणि डॅनिश ‘फेम’ ऐकायला दूरचे, तरी एकाच मुळाचे. कारण पितृ–फादर, पाद–फूट यांतही ‘प’चा ‘फ’ तसाच नियमाने होतो. ‘अर्धा-तिसरा’मधले ‘तिसरा’ हे शब्दही सगोत्र आहेत, मात्र ‘अर्धा’साठीचे शब्द निराळे आहेत. तेव्हा साम्य आहे ते मोजण्याच्या रीतीत. तेवढ्यावरून ती रीत समान पूर्वजाकडून आली असे म्हणता येत नाही.

अशा रीती टिकतात किंवा जातात, त्याला शाळाही कारण असते. १९५७ साली दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजनमापे आली आणि अडीचकी-औटकीचे पाढे मागे पडले. ‘अडीच’ वाचला, ‘औट’ची जागा ‘साडेतीन’ने घेतली. नॉर्वेने १९५१ साली ‘दोन-पन्नास’ऐवजी ‘पन्नास-दोन’ असे म्हणण्याचा नियम केला. आपल्याकडे २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात अशीच पद्धत आली, तेव्हा मोठा वाद झाला. डॅनिश मात्र आजही ‘दोन आणि अर्धा-तिसरा’ असेच म्हणतात. मुलाला मोजणी सोपी व्हावी ही अपेक्षा रास्तच आहे. पण शब्द वर्गातून गेला, की त्याच्यात साठलेला पुरावाही जातो. म्हणून निदान त्याची नोंद तरी राहावी.

हे काम शाळेला सहज जमण्याजोगे आहे. विद्यार्थ्यांनी घरातल्या आजी-आजोबांना पावकी, निमकी, अडीचकी, औटकी येते का हे विचारावे, मासळी, नारळ, पेंढ्या मोजण्याचे जुने शब्द लिहून घ्यावेत आणि प्रत्येक शब्दापुढे गावाचे नाव व सांगणाऱ्याचे वय लिहावे. वय सत्तर निघाले, तर ते डॅनिशमध्ये कसे सांगाल, हेही वर्गात जरूर विचारावे. उत्तर औटकीतच आहे: औट विसा.